बाटली, लुगडं आणि मातीची माणसं : खोताच्या वाडीतून भायखळ्याच्या संग्रहालयाकडे



आजचा विषय ऐकायला जरा भारदस्त आहे. संग्रहालयातल्या वस्तू, त्यांत दिसणारा समाज, आणि त्या वस्तू पुढच्या पिढीच्या हाती कशा द्यायच्या. आम्ही तो एका वाडीपुरता आणि एका संग्रहालयापुरता घेणार आहोत. वाडी म्हणजे गिरगावातली खोताची वाडी, आणि संग्रहालय म्हणजे भायखळ्याला राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. टॅक्सीने गेलं तर रस्ता थोडाच आहे. इतिहासात तर ही दोन ठिकाणं त्याहून जवळ आहेत, कारण भायखळ्याचं संग्रहालय ज्यांच्या खटपटीतून उभं राहिलं त्यांतल्या काही माणसांची मोठी कामं गिरगावातच झालेली आहेत. तिथे आपण येऊच.

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो. आम्ही काही जण गेली काही वर्षं शाळा-कॉलेजातल्या मुलांना घेऊन रविवारी सकाळी गिरगावच्या वाड्यांमधून फिरतो. एकदा खोताच्या वाडीतल्या एका घरी आम्हाला आत बोलावलं. स्वयंपाकघरात फळीवर तपकिरी काचेच्या बिअरच्या बाटल्या ओळीने उभ्या. आमच्यातला नववीतला एक मुलगा पटकन बोलून गेला, "आंटी, एवढी बिअर?" आंटी एवढ्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. मग त्यांनी एका बाटलीचं बूच काढलं आणि बाटली त्याच्या नाकाशी धरली. आत मसाला होता. पुढचा पाऊण तास आंटी बोलत होत्या. उन्हाळ्यात मिरच्या कशा वाळत घालायच्या, कुटायला कोण बायका यायच्या, त्या कुठल्या, कुटताना काय म्हणायच्या, आणि त्यांचं येणं कधी थांबलं. मुलं कान देऊन ऐकत होती, आम्ही फोटो काढत होतो. लिहून मात्र कोणीच घेतलं नाही.

दोन वर्षांनी पुन्हा गेलो तर घराला कुलूप. आंटी मुलाकडे परदेशी गेल्या, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. आज आमच्याकडे त्या बाटल्यांचे अकरा फोटो आहेत. त्या कुटणाऱ्या बायकांपैकी एकीचंही नाव आमच्याकडे नाही.

वस्तू राहिली आणि माणूस गेलं, की संग्रहालयात नेमकं काय उरतं? आजचं सगळं बोलणं या प्रश्नाभोवती आहे.

वाडीचं नाव आणि लोकांचं नाव

आधी वाडीची ओळख करून घेऊ. खोत म्हणजे कोकणात गावचा सारा वसूल करणारा वतनदार. या वाडीचे खोत म्हणजे दादोबा वामन खोत, पाठारे प्रभू समाजातले. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही जमीन त्यांच्याकडे होती आणि त्यांनी तिचे तुकडे इथल्या ख्रिस्ती कुटुंबांना घरं बांधायला दिले. म्हणजे बघा, नाव प्रभूंचं, जुनी वस्ती मुख्यतः कॅथलिकांची, आणि आसपास फणसवाडी, कांदेवाडी, मुगभाट, आंबेवाडी. थोड्याच अंतरावर केशवजी नाईकांच्या चाळी, जिथे १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. गिरगावात वाडी म्हणजे मुळात झाडांची वाडी. नारळ-फणस गेले, घरं आली, नावं तेवढी राहिली.

वाडीतली जुनी कुटुंबं ईस्ट इंडियन समाजाची. नव्याने ऐकणारा इथे हमखास अडखळतो. मुंबई पश्चिम किनाऱ्यावर, मग हे ‘ईस्ट’ कसे? हे लोक मुंबई, साष्टी, वसई या पट्ट्यातले मूळचे रहिवासी. पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले, पण घरात बोलत राहिले मराठीचीच एक बोली. एकोणिसाव्या शतकात गोव्याहून आणि मंगळूरहून कॅथलिक मंडळी नोकरीसाठी मुंबईत आली. धर्म तोच, आडनावंही बरीचशी तीच. सरकारी आणि रेल्वेच्या नोकऱ्यांत इथल्यांना आपली वेगळी ओळख सांगायची गरज पडली. आपण ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलातले जुने लोक, हे ठसवायला त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली.

आता ही गंमत लक्षात घ्या. एखाद्या समाजाचं नाव आपण फार पुरातन समजतो, पण या नावाला वर्ष आहे, कारण आहे, आणि त्यामागे पोटापाण्याचा प्रश्न आहे. हेही एका अर्थाने संग्रहालयात ठेवण्याजोगं आहे. ते काचेच्या कपाटात मावणार नाही, एवढंच.

बाटली आणि लुगडं

बाटलीकडे परत जाऊ. ईस्ट इंडियन घरात ‘बॉटल मसाला’ हा वर्षाचा मसाला. मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, मिरी, दालचिनी, शिवाय घरोघरच्या खास जिनसा. वीस-पंचवीस जिनसा तर सहज होतात. प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं आणि ते सहसा बाहेर सांगायचं नाही. उन्हाळ्यात ऊन कडक असताना सगळं वाळवायचं, वेगवेगळं भाजायचं, आणि मग लाकडी मुसळांनी कुटायचं. कुटणाऱ्या बायका घरोघर फिरत. तयार मसाला बिअरच्या गडद बाटलीत ठासून भरायचा. काचेच्या गडद रंगामुळे उजेड आत जात नाही आणि मसाल्याचा रंग-वास वर्षभर टिकतो. म्हणून बाटली. म्हणून ‘बॉटल मसाला’.

ही रिकामी बाटली संग्रहालयात ठेवली आणि खाली लिहिलं, ‘बाटली, काच, विसावं शतक’, तर त्यात चूक काहीच नाही. पण कळलं काय? त्या बाटलीत शहराचा व्यापार आहे, कारण मसाल्याच्या जिनसा बाजारातून येतात. बिअरची बाटली घरात यायला ज्या प्रकारचं शहर लागतं, ते शहर आहे. बायकांचं श्रमाचं नातं आहे, एक कुटून घेणारी आणि एक कुटणारी. आणि गुपित आहे, सासूने सुनेला कधी आणि किती सांगायचं, याचं.

दुसरी वस्तू लुगडं. ईस्ट इंडियन बायकांचं सुती लुगडं, चौकडीचं, काठाचं. शहर वाढलं, मुली मिशनच्या शाळेत गेल्या, घरातले पुरुष कचेरीत कारकून झाले, तसं शहरातल्या घरांमधून लुगडं मागे पडत गेलं आणि फ्रॉक आला. आजीच्या अंगावर लुगडं, आईच्या अंगावर फ्रॉक, असे एकाच कुटुंबाचे फोटो जुन्या घरांत भिंतीवर दिसतात. त्या एका फोटोत दोन पिढ्यांचं समाजशास्त्र आहे. आणि पुढची पिढी बघा. आज नात लग्नात, किंवा आगेरा म्हणजे पहिल्या कणसांच्या सणाला, मोठ्या हौसेने तेच लुगडं नेसते. आजीला ते रोजचं वस्त्र होतं, आईला कदाचित लाजेचं, नातीला अभिमानाचं. कापड तेच, अर्थ तीनदा बदलला. संग्रहालयाच्या पाटीवर यांतला कुठला अर्थ लिहायचा? आमच्या मते तिन्ही, आणि कोणी सांगितला त्याच्या नावासकट.

मातीची माणसं

आता भायखळ्याला जाऊ. लंडनला १८५१ साली मोठं प्रदर्शन भरलं, १८५५ मध्ये पॅरिसला भरलं. त्यांच्यासाठी मुंबई इलाख्यातून वस्तू गोळा झाल्या आणि त्यातून इथेही एक संग्रहालय असावं अशी कल्पना निघाली. आधी ते फोर्टमधल्या बराकीत होतं. १८५७ च्या धामधुमीत लष्कराला जागा हवी झाली आणि वस्तूंची आबाळ झाली. पुढे लोकवर्गणीतून भायखळ्याच्या इमारतीची तयारी झाली. १८६२ साली कोनशिला बसली आणि १८७२ मध्ये ‘व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट’ या नावाने संग्रहालय उघडलं. या कामाच्या मागे डॉ. जॉर्ज बर्डवुड होते, जगन्नाथ शंकरशेट होते आणि डॉ. भाऊ दाजी लाड होते. १९७५ साली संग्रहालयाला भाऊ दाजींचं नाव मिळालं, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर एका शतकाने. इमारत फार खालावली होती. महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून ती पुन्हा उभी केली आणि २००८ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली.

तिथे गेलात तर वरच्या मजल्यावर मातीच्या छोट्या मूर्ती नीट पाहा. मुंबईतले निरनिराळे समाज, निरनिराळे धंदे, त्यांचे पेहराव, त्यांच्या पगड्या. काम फार सुरेख आहे. जे. जे. कलाशाळेचं आणि या संग्रहालयाचं जुनं नातं आहे, आणि ती कारागिरी तिथे दिसते. मुलांना या मूर्ती फार आवडतात. पण आम्ही मुलांना एक प्रश्न विचारतो, "यातल्या कोणाचं नाव काय?" मुलं पाट्या वाचतात. जात असते, धंदा असतो. नाव नसतं.

हे असं का? कारण साहेबाच्या राज्यात लोकांची मोजदाद आणि वर्गवारी करायची होती. कोण कोणत्या जातीचा, काय घालतो, काय काम करतो. माणूस तिथे नमुना म्हणून उभा आहे. त्या नमुन्याला कोणी विचारलेलं नाही की बाबा, तुला कसं दाखवलेलं आवडेल?

तरीही या मूर्ती आम्हाला मोलाच्या वाटतात. पगडीचंच घ्या. एके काळी पगडीवरून माणसाची जात आणि धंदा रस्त्यात ओळखू येई. मग टोपी आली, मग उघडं डोकं आलं. आज लोकलमध्ये डोक्याकडे बघून कोणाची जात सांगता येत नाही. हा केवढा मोठा सामाजिक बदल! त्या कपाटापुढे उभं राहिल्यावर तो पटकन कळतो. हे कपाट काय दाखवतं आणि काय लपवतं, दोन्ही मुलाला दिसायला हवं. आणि त्यासाठी त्याच्या शेजारी कोणीतरी उभं राहावं लागतं.

भाऊ दाजींविषयी असं सांगतात की त्यांचे वडील गरिबीत मातीच्या बाहुल्या करून विकत. गोव्याकडून मुंबईत आलेलं हे कुटुंब. मुलगा हुशार निघाला, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकला, तिथेच शिकवू लागला, आणि १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांमध्ये त्याचं नाव होतं. त्याच मुलाच्या नावाच्या संग्रहालयात आज मातीची माणसं उभी आहेत. म्हणून त्या मूर्तींपुढे आम्ही मुलांना सांगतो, ही माती घडवणाऱ्या हातांचाही विचार करा.

१८४८ ची मुलं

वस्तूंचं झालं. आता तरुणांकडे वळू, आणि त्यासाठी पुन्हा गिरगावात येऊ.

जून १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी एक सभा काढली, ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’. प्रोत्साहन प्राध्यापक पॅटन यांचं. मुलांनी निबंध वाचायचे, वाद घालायचे, असा बेत. तिच्या मराठी आणि गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग, ज्यांना आपण मराठीचे व्याकरणकार म्हणून ओळखतो. या सभेत दादाभाई नौरोजी होते, वय तेवीस. भाऊ दाजीही पंचविशीच्या आसपास. पुढे ते या सभेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले.

सभेत स्त्रीशिक्षणावर चर्चा झाली. आपल्याकडे चर्चा बहुतेक वेळा चर्चेवरच थांबते. इथे मुलं उठली आणि घरोघर गेली. आईबापांना सांगितलं, मुलींना पाठवा, आम्ही शिकवतो. काही घरांतून बोलणी खाल्ली. ऑक्टोबर १८४९ मध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा पटावर ४४ पारशी आणि २४ हिंदू मुली होत्या. शिकवणारे बहुतेक हेच विद्यार्थी. आपलं कॉलेज आणि नोकरी सांभाळून सकाळच्या वेळात, एक पैसा न घेता. पुण्यात भिडे वाड्यातली जोतीराव आणि सावित्रीबाईंची शाळा १८४८ ची, म्हणजे दोन शहरांत एकाच सुमारास विशीतली माणसं हेच करत होती.

आता यात थोरल्यांची भूमिका काय होती, ते बघा. पॅटन यांनी मुलांना सभा दिली आणि बोलायला लावलं. जगन्नाथ शंकरशेट तेव्हा पंचेचाळिशीचे, शहरातले बडे गृहस्थ. त्यांनी गिरगावात आपल्या वाड्याच्या आवारात मुलींच्या शाळेला जागा दिली. त्या काळी नानांच्या दारात शाळा भरते म्हटल्यावर निंदकांची जीभ आपोआप जड व्हायची. पारशी शाळांना कामा कुटुंबाने पैशाचा आधार दिला. म्हणजे एकाने व्यासपीठ दिलं, एकाने जागा दिली, एकाने पैसे दिले, आणि काम मुलांवर सोपवलं. तरुणांना मार्गदर्शन म्हणजे त्यांना समोर बसवून उपदेश करणं, असं आपण समजतो. गिरगावातला हा दाखला वेगळं सांगतो. मुलांच्या हाती खरं काम द्यायचं, असं काम की ते बिघडलं तर लोक नावं ठेवतील, आणि आपण मागे खंबीर उभं राहायचं.

एक गोष्ट मात्र आम्हाला टोचते. शिकवणाऱ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. त्या चोवीस मुलींची नावं शाळेच्या कुठल्या पुस्तकात आपण वाचली? दादाभाई आठवतात, भाऊ दाजी आठवतात. पण भल्या सकाळी पाटी घेऊन, शेजाऱ्यांच्या नजरा चुकवत शाळेत जाणारी मुलगी कोण होती? धाडस तिचंही होतं. मातीच्या मूर्तीला नाव नाही, मसाला कुटणारीला नाव नाही, आणि मुंबईतल्या या पहिल्या विद्यार्थिनींनाही नाव नाही. विसरण्याचं काम साहेबच करतो असं नाही, आपणही करतो.

मग आता काय?

खोताच्या वाडीत एके काळी पासष्टच्या आसपास जुनी घरं होती. आता ती तिसाच्याही आत आली आहेत. पुढे लाकडी कठड्याचा व्हरांडा, बाहेरून चढणारा जिना, वर मंगळुरी कौलं, अशी ही घरं. देखभालीचा खर्च मोठा, वारस अनेक, जागेला सोन्याचा भाव. घर विकणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, पण पावसाळ्यात कौलं फेरायला आपण जात नाही, ते जातात. अनंताश्रमासारखी नावाजलेली खाणावळ बंद झाली. दुसरीकडे नवं काही घडतंही आहे. फॅशन डिझायनर जेम्स फरेरा यांनी आपल्या जुन्या घराची दारं पाहुण्यांना उघडी ठेवली आणि वाडीच्या उत्सवासाठी खटपट केली. ‘४७-ए’ नावाचं कला-दालन एका जुन्या घरात आलं. मनोरीला ईस्ट इंडियन समाजाने आपलं छोटं संग्रहालयही केलं आहे. म्हणजे समाज स्वतःची गोष्ट स्वतः सांगू लागला आहे, आणि भायखळ्याच्या त्या मूर्तींनंतरचा हा मोठा पल्ला आहे.

त्या कुलपानंतर आम्ही आमची पद्धत बदलली. आता फेरीत मोठी माणसं बोलत नाहीत. प्रत्येक मुलाला एक घर आणि एक वस्तू. त्याने तीन प्रश्न विचारायचे. हे कोणाचं? हे तुम्हाला कोणी शिकवलं? आणि याचा वापर कधी आणि का थांबला? उत्तरं हाताने लिहायची, ज्या बोलीत सांगितलं त्याच बोलीत. आठ दिवसांनी परत जाऊन लिहिलेलं त्याच माणसाला वाचून दाखवायचं. त्या व्यक्तीने "हे असं नाही रे, पोरा" म्हटलं तर खोडायचं. आणि हे नको छापू म्हटलं तर नाही छापायचं. मसाल्याचं प्रमाण आम्हाला अजून एकाही घराने दिलेलं नाही. ते त्यांचं गुपित आहे, राहू दे.

यात एक धोका आम्हाला हळूहळू कळला. वाडीच्या आठवणी गोळा करताना आपण घरमालकांच्या दारात जातो, कारण दार सुंदर असतं. पण वाडी भाडेकरूंचीही आहे. गल्लीच्या तोंडाशी वर्षानुवर्षं बसणाऱ्या भाजीवालीची आहे, आणि मुसळ घेऊन येणाऱ्या त्या बायकांचीही आहे. वाडीचं संग्रहालय उद्या खरंच झालं आणि त्यात नुसते कठडे आणि झुंबरं आली, तर आपण भायखळ्याचीच चूक दीडशे वर्षांनी पुन्हा करू. म्हणून आता दर फेरीत एक मुलगा असं घर घेतो, ज्याला व्हरांडा नाही.

तो नववीतला मुलगा, बिअरवाला, आता कॉलेजात आहे. यंदा लहान मुलांची एक तुकडी त्याच्याकडे दिली आहे. गेल्या महिन्यात तो फोनवर म्हणाला की आंटींचा परदेशातला नंबर शेजाऱ्यांकडून मिळवला आहे आणि पुढच्या रविवारी त्या व्हिडिओ कॉलवर येणार आहेत. कुटणाऱ्या बायकांची नावं त्यांना आठवतात का, हा त्याचा पहिला प्रश्न असणार आहे. आठवतील की नाही, कोण जाणे. पण या वेळी वही त्याच्या हातात असेल.

तुमच्याही घरात माळ्यावर काही असेलच. एखादा पाटा, एखादी पगडी, आजीची शाळेची पाटी. घरात कोणी बारा-पंधरा वर्षांचं मूल असेल तर ती वस्तू त्याच्या हातात द्या, आणि सांगणारं माणूस आहे तोवर दोघांना समोरासमोर बसवा. आपण बाजूला बसून ऐकलं तरी पुरे.